शाळा पाड्यावर गेली
नूतन बाल शिक्षण संघाची वाटचाल, गोरेगावातून पाहताना

गोरेगावच्या स्मरणिकेत डहाणू तालुक्यातल्या संस्थेचा इतिहास कशाला, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ सालची, म्हणजे त्याची शंभरी आपल्या डोळ्यांदेखत भरते आहे. एवढे निमित्त खरे तर पुरे व्हावे. पण संघाच्या कामातली एक महत्त्वाची गाठभेट आपल्यापासून तीन स्टेशने पुढे, बोरिवलीत पडली. आणि सर्वांत मोठे कारण आपल्या पूर्वेला आहे. आरेतल्या पाड्यांवरची मुले आपल्या शाळांत येतात. त्या मुलांच्या आज्या लग्नघराच्या भिंतीवर जे काढत आल्या, ते चित्र आपल्या शाळांच्या कुंपणावर, सोसायट्यांच्या फाटकांवर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर आले आहे. तरी वर्गात बसलेले ते मूल आणि कुंपणावरचे ते चित्र एकाच घरून आली आहेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. संघाच्या कोसबाडच्या शाळेने चित्रापासून सुरुवात केली नाही, मुलापासून केली. म्हणून तिचा इतिहास इथे सांगायचा.

संघाच्या जन्माची कहाणी गुजरातेतली आहे. ताराबाई मोडक (जन्म १८९२) मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या प्रश्नातून ते माँटेसोरीच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि वकिली मागे पडली. दोघांनी मिळून संघ काढला, परिषदा भरवल्या, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. इथवरची गोष्ट शहाण्या, सुशिक्षित घरांची आहे. छोट्या खुर्च्या, लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या आणि आपले मूल वेगळ्या पद्धतीने शिकते याचा अभिमान असलेले पालक. त्यात वाईट काही नव्हते. पण ताराबाईंना ते पुरेसे वाटले नाही. माँटेसोरीचे साहित्य महाग होते आणि देशातली बहुतेक मुले खेड्यात होती. वर्ध्याच्या नई तालीमच्या मंडळींमध्ये तेव्हा शाळेच्या वयाआधीच्या शिक्षणाचा विचार सुरू झाला होता, आणि गरिबाच्या अंगणात परवडेल असे बालशिक्षण हवे, हा गांधीजींचा आग्रह ताराबाईंपर्यंत पोचला होता.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर बोरिवलीला भरले. पुण्याच्या हुजूरपागेतल्या एक शिक्षिका त्या शिबिराला आल्या होत्या. नाव अनुताई वाघ, वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला घराचा कोपरा यायचा. अनुताईंच्या वाट्याला मात्र व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा आली, मग अध्यापनाचे प्रशिक्षण, नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळेतली नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक आणि हुजूरपागा. बोरिवलीच्या शिबिरात त्यांना ताराबाई भेटल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि मुंबई सोडून खेड्यात जायचे त्यांनी ठरवले होते. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे त्याच कामात राहिल्या.

दोघी गेल्या बोर्डीला, समुद्रकाठच्या गावात. आचार्य भिसे यांच्यामुळे तिथे शिक्षणाची हवा आधीपासून होती. ग्राम बाल शिक्षा केंद्र हे कामाचे नाव. पण त्या वर्षी त्या मुलखात आणखी काय चालले होते, हे शिक्षणाच्या इतिहासात सहसा येत नाही. ते शेतकरी चळवळीच्या इतिहासात येते. दोन पुस्तकांच्या मध्ये पडलेली ही भिंत पाडल्याशिवाय कोसबाडचे काम नीट समजत नाही.

डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातल्या वारल्यांच्या जमिनी दोन-तीन पिढ्यांत सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढले की फेडीपोटी नवरा सावकाराकडे राबायचा, बहुतेकदा बायकोही. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नगड्यांबद्दल किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली आणि वेठ देणार नाही असे वारल्यांनी ठरवले. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप आला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ११ ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. त्याच वर्षी, त्याच मुलखात दोन पांढरपेशा बायका बालवाडी काढायला उतरल्या होत्या. शहरी कपड्यातल्या माणसाकडे वारली माणूस तेव्हा कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. ज्याच्या अंगावर धड कपडा नाही त्याने गावातून चालत बालवाडीत कसे यावे? आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी हवीच. शिवाय गाव त्यांना आपल्या मुलांशेजारी बसू देईल का, हाही प्रश्न होताच. यावर बहुतेक शाळा पालकांच्या अज्ञानाबद्दल भाषण करतात. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. तिलाच अंगणवाडी म्हणू लागले. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली तेव्हा हे नाव दिल्लीपर्यंत पोचलेले होते. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत आणि त्यांतल्या सेविकांच्या मानधनाचे आंदोलन दर एक-दोन वर्षांनी आझाद मैदानावर येते. हा शब्द बोर्डीच्या वस्तीतून निघाला, हे त्या मैदानावर तरी किती जणांना माहीत असेल?

१९५७ मध्ये संघाने मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलवला. ताराबाई पासष्टीच्या होत्या. बोर्डीत जम बसलेला, नाव झालेले. त्या वयात, त्या स्थितीत माणूस स्मारक बांधायला घेतो. या बाई टेकडी चढल्या, कारण वारल्यांचे पाडे टेकडीच्या भोवती होते, समुद्रकाठी नव्हते.

कोसबाडला अंगणवाडीही पुरेना. वारल्यांची सहा-सात वर्षांची पोरे पाड्यावर सापडतच नसत, ती गुरांमागे कुरणात असत. तेव्हा शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना, झाडाच्या सावलीत, जमतील तेवढी मुले घेऊन शिकवायचे. यालाच कुरणशाळा म्हणत. कुरण म्हणजे काय, हे ज्यांनी १९४५ चा संप वाचला आहे त्यांना सांगायला नको. ज्या गवताच्या मजुरीसाठी माणसे मेली होती, बारा-चौदा वर्षांनी त्यांच्याच नातवंडांना त्याच गवतावर बसून अक्षरे दिसू लागली. अनुताईंनी हा प्रयोग पुस्तकरूपाने मांडला आहे. मला वाटते, भारतीय शिक्षणातल्या मोठ्या कल्पनांमध्ये कुरणशाळेला जी जागा मिळायला हवी होती ती मिळाली नाही. तिला इमारत नव्हती, म्हणून तिचे उद्घाटन झाले नाही, आणि म्हणून तिचा फोटोही कुठे लागला नाही.

शाळेत साहित्य कोणते? माँटेसोरीच्या रंगीत पेट्या परवडणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे खडे, शिंपले, चिंचोके, बिया, पाने, काड्या. मोजायला खडे, वर्गवारीला पाने, आकारांना बिया. गरिबीतून आलेली ही सोय पुढे पद्धतच झाली, आणि तिचा एक परिणाम बहुधा योजणाऱ्यांच्याही लक्षात उशिरा आला असावा. मुलाला जे आधीपासून येत होते तेच शाळेत साहित्य म्हणून आले. कोणत्या झाडाची बी कोणती, कोणत्या पानाला कसला वास, कोणता खडा ओढ्यातला आणि कोणता डोंगरावरचा, हे वारल्याच्या पोराला बाईंपेक्षा जास्त माहीत. बाई विचारणार आणि पोर सांगणार. वर्गातले वजन थोडे तरी सरकले.

विकासवाडी ही पुढची पायरी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्ह्याला कडेवर घेऊन आलेल्या थोरल्या बहिणीने तान्हे पाळणाघरात ठेवायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. मुली शाळेत का येत नाहीत, यावर आयोग नेमण्याची गरज पडली नाही. त्यांच्या कडेवर कोण आहे ते कोणीतरी पाहिले, इतकेच. याच काळात अनुताईंनी स्वतः एसएनडीटीची बी.ए. पूर्ण केली, १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी.

इतके कौतुक झाल्यावर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा इतिहास सत्काराचे भाषण होईल. आंघोळ, नखे, केस, स्वच्छ कपडा यांवर संस्थेचा भर मोठा होता. त्याला आरोग्याची कारणे होती, खरूज होती. तरी मुलाला घासूनपुसून घ्यावे आणि मग शिकवावे, या भूमिकेत त्याच्या घराबद्दल एक निवाडा लपलेलाच असतो. देवाधर्माबद्दल, ताडीबद्दल, भगताबद्दल शहरातून आलेल्या माणसांची मते शहरातलीच राहिली. ज्या जमिनीच्या प्रश्नाने १९४५ पेटले तो शाळेच्या कक्षेत आला नाही. ते काम किसान सभेच्या लाल बावट्याने केले, आणि टेकडी व बावटा यांच्यात दोन हात अंतर राहिले. दोघांनाही एकमेकांची गरज होती असे आज म्हणता येते. तेव्हा तसे म्हणणे कोणालाच सोपे नव्हते.

आता चित्राकडे येतो, कारण गोरेगावकराला वारली म्हटले की आधी तेच आठवते.

वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी कुडाच्या, शेणागेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक काढतात. काढणाऱ्या सुवासिनी. आत पालघट देवी, भोवती झाडे, प्राणी, नाच, सूर्य-चंद्र. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न झाल्यावर चौक टिकावा अशी कोणाची अपेक्षाही नसते; पुढच्या सारवणात तो जातो. हेच लग्न कर्जाचे कारण व्हायचे, आणि चौकाच्या साक्षीने लग्न लागलेला नवरा दुसऱ्या दिवशी लग्नगडी म्हणून सावकाराच्या दारात उभा राहायचा. आपल्या भिंतींवर येणाऱ्या तारपा नाचात हा दुसरा दिवस कुठेच नसतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या मुलखात आले. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मिथिलेच्या बायकांना कागद देण्याचे काम त्यांनी केले होते. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा मशे यांनी ब्रश उचलला, आणि बायकांचा विधी असलेले चित्र पुरुषाच्या हातून, लग्नाशिवाय, कागदावर उतरले. लहानपणी एकाकी पडलेल्या आणि बरीच वर्षे बोलणे बंद झालेल्या जिव्यांना धुळीत चित्रे काढून बोलायची सवय होती. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसचे ‘मॅजिसिएन द ला तेर’ हे गाजलेले प्रदर्शन, २०११ ला पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. कोसबाड आणि गंजाड एकाच डहाणू तालुक्यात आहेत. एका टेकडीवर मुलाला शाळा मिळत होती आणि थोड्या अंतरावर भिंतीला बाजार मिळत होता. दोन्ही कामे करणारी माणसे बाहेरून आली होती आणि दोघांचाही हेतू चांगला होता. पण कुरणशाळेत मूल जिथे आहे तिथे शाळा गेली, तर कागदाच्या बाबतीत चित्र जिथे होते तिथून उचलून दुसरीकडे नेले गेले. हा फरक मला मोठा वाटतो.

याच सुमाराला ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटात, ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला, पापुन्या नावाच्या वस्तीत शाळा आणि चित्र एकाच भिंतीवर आली, ते सांगण्यासारखे आहे. मूळ रहिवाशांना गोऱ्या रीतीभातीत मुरवण्यासाठी सरकारने ही वस्ती वसवली होती. १९७१ मध्ये तिथल्या शाळेतले चित्रकला शिक्षक जेफ्री बार्डन यांनी मुलांना त्यांच्याच आकृत्या काढायला सांगितले. ते पाहून वस्तीतली वडीलधारी माणसे पुढे आली आणि शाळेच्या भिंतीवर त्यांनी मधमुंग्यांच्या पुराणकथेचे मोठे चित्र काढले. कापा त्जाम्पित्जिन्पा हे त्यांच्यातले प्रमुख. शाळा आपली भाषा, आपली जमीन, आपली पोरे घेते, असा अनुभव असलेल्या लोकांनी त्याच शाळेच्या भिंतीवर ही जमीन कोणाची हे लिहून ठेवले. त्यातून निघालेली चित्रपरंपरा आज जगभर ओळखली जाते. ती भिंत मात्र १९७४ मध्ये देखभालीच्या कामात रंग फासून पुसली गेली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत मूळ रहिवाशांची माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. आता तिकडच्या शाळांत स्थानिक जमातीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून चित्र काढून घेतात आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला ही जमीन कोणाची होती ते म्हणतात. ते म्हणणे कधीकधी नुसता उपचार होतो, अशी टीका तिथलेच लोक करतात. तरी आपल्याकडे तो उपचारही नाही.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ ला गेल्या. त्यानंतर जवळजवळ दोन दशके अनुताईंनी कोसबाड चालवले. पाड्यांवरच्या मुलींना बालसेविका म्हणून तयार करणे हा त्यांच्या कामाचा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण त्याने शहरातून बाई आणण्याची गरज हळूहळू कमी केली. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल उभे केले आणि डहाणू तालुक्यातच दाभोण, ऐना इथे त्या वाटेने पुढचे प्रयोग झाले. १९८५ ला पद्मश्री मिळाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. २७ सप्टेंबर १९९२ ला अनुताई गेल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन ज्याने वाचले नसेल त्याने या स्मरणिकेतले उरलेले लेख बाजूला ठेवून आधी ते वाचावे.

आणि आता आरे. १९४९ मध्ये दुग्धवसाहत आली, ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. शहरातल्या म्हशींचे गोठे इथे हलले. पाडे मात्र त्याआधीपासूनचे आहेत: केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, चाफ्याचा पाडा, नवशाचा पाडा, असे सत्तावीस सांगतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी वस्ती. वाघोबाचे ठाणे आहे आणि बिबट्याही आहे. १९७७ मध्ये चित्रनगरी आली, पुढे मेट्रोची कारशेड आली आणि प्रजापूरपाड्याची घरे गेली. माणसे चकाल्याच्या इमारतीत गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्री कारशेडसाठी झाडे तुटली तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण फाटकाशी उभे होते. तिथे पाड्यांवरच्या बायका पुढे होत्या, हेही त्यांनी पाहिले. २०२० मध्ये आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित झाली. पाड्यावरच्या माणसाला शाळेच्या दाखल्यापासून वीजजोडणीपर्यंत तू इथलाच कशावरून, हे अजून सिद्ध करावे लागते.

कोसबाड आणि आरे यांच्यातला फरक इतकाच की आरेत शाळेला टेकडी चढावी लागत नाही. मुलेच खाली येतात, गोरेगावातल्या आपल्या वर्गांत बसतात, आणि हजेरीपटावर आडनाव वाचल्यावर पुढच्या नावाकडे आपण वळतो. पुढच्या वर्षी एखाद्या शाळेने कुंपण रंगवायला काढले, तर कंत्राटदाराच्या रंगाऱ्याला नेटवरचा नमुना देण्याऐवजी पाड्यावरच्या चौक काढणाऱ्या बायकांना आधी विचारावे. कोणता चौक लग्नाशिवाय काढायचा नसतो, हे त्या सांगतील, आणि कदाचित कुंपणाला नाही म्हणतील. तसे झाले तर ते ऐकावे. हो म्हणाल्या, तर मजुरी रंगाऱ्याच्या दराने नव्हे, चित्रकाराच्या दराने द्यावी. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा हा हक्काचा व्यवहार आहे, उपकाराचा नाही. त्या काम करत असताना सहावी-सातवीचे वर्ग बाहेर बसवावेत. पाड्यावरच्या मुलांनी आपल्या आजीची ओळख वर्गाला करून द्यावी. सहल मात्र राणीच्या बागेऐवजी डहाणूला काढावी. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. गोरेगावहून विरारला किंवा बोरिवलीला गाडी बदलावी लागते, सकाळची गाडी धरली तर दुपारच्या आत कोसबाडला पोचता येते. डबा बरोबर घ्यावा.